लोर्नाचं खोकं

अख्ख्या मुलुंडमध्ये माझ्यासारखा वॉचमन नाही, माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आता सोसायटीतून दोन सायकली आणि पाण्याची मोटर चोरीला गेली, ते सोडा.

तेव्हापासून माझा डोळा कामवाल्या बायांवर. नियमच निघाला. बाई गेटवर आली की तिची पिशवी मी उलटी करायची. माझी ड्युटी संपली की सेक्रेटरी माझे खिसे बघणार. लाज वाटायची. म्हणून मीच खिसे बाहेर लोंबते काढून, कान धरून माकडासारखा नाचायचो. सगळे हसायचे. मला वाटायचं, काय वट आहे आपली!

लोर्ना हसायची नाही. बाराव्या मजल्यावरच्या मॅडमनी बाळ सांभाळायला फिलिपिन्सवरून आणलेली बाई. "आमच्याकडे फिलिपिनो आहे," मॅडम अशा सांगायच्या जशी नवीन गाडी. तिचा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. ही म्हणे घरची कमावती, नवरा तिकडे भात शिजवतो, पोरं बघतो. आई गावची सरपंच. मला पटेना. सरपंचाची पोर दुसऱ्याचं पोर धुवायला कशाला येईल?

वर ते खोकं. फ्रिजएवढं. तिच्या खोलीत महिनोन् महिने भरत होती. मीच मॅडमच्या कानाला लागलो, "घर रिकामं होतंय तुमचं."

तिकडे घरी पाठवायला, कुरियरला द्यायचं म्हणून तिने ते खाली आणलं. मॅडम, सेक्रेटरी, सगळे जमले. "उघड रे," मॅडम मला म्हणाल्या. मी ब्लेडने टेप फाडली.

साबण. टूथपेस्ट. चॉकलेटं. छोटे बूट. बुटात कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेलं पोराचं पाऊल. माप. मॅडमचा एक चमचा नाही.

माझा बाप दर गणपतीला अशीच ट्रंक भरून गावी न्यायचा. चाकरमानी! आमच्यात बापये, त्यांच्यात बाया. एवढं मला दिसलं नाही. मुंगी दिसते.

मॅडम चिडल्या. "यानेच आग लावली. याचे खिसे बघा आधी."

सेक्रेटरी म्हणाला, "चल, नाचून दाखव मॅडमना." मॅडमनी मोबाईल वर धरला.

हात सवयीने कानाला गेला. एक पाय उचललासुद्धा. समोर लोर्ना फरशीवर बसून साबण परत रचत होती. कुणाकडे बघत नव्हती. मी पाय खाली ठेवला.

"नाचणार नाही. खिसे दाखवणार नाही. आणि आजपासून कुणा बाईची पिशवी उघडणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे." आवाज चिमणीसारखा निघाला, पण निघाला. अजून कामावरून काढलं नाहीये. काढतो म्हणाले तरी कुणाच्या पिशवीला हात लावणार नाही.

मॅडम आणि सेक्रेटरी लिफ्टमध्ये गेले. मी छाती फुगवून लोर्नाला म्हटलं, "देखा? तेरे लिए लड़ा."

"मेरे लिए नहीं," ती म्हणाली. "तुम्हारा पॉकेट, तब लड़ा. मेरा बॉक्स तुम खोला. टेप लगाओ."