चौथा नट

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. आमचे हे तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आठ महिने मी उपास केले, दिवे लावले, नवस बोलले. हे मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेले. सराव केला तर बोलणं परत येईल, असं डॉक्टर सांगत होते. पण यांना काही करायचंच नव्हतं. शेवटी शेवटी तर घासही नाकारायला लागले. डोळ्यांदेखत माणूस हातचा चालला होता, आणि माझं मन घटकाभर एका जागी ठरत नव्हतं.

म्हणून एका मंगळवारी सकाळी ओटीचं सामान घेतलं, यांना गाडीत मागे बसवलं आणि बोईसरहून डहाणूच्या महालक्ष्मीला निघाले. जायचं का, असं यांना विचारलं नव्हतं. हल्ली मी यांना काहीच विचारत नसे. शर्ट कुठला, भात किती, खिडकी उघडी की बंद, सगळं मीच ठरवायची. उत्तर येणार नाही, तर विचारायचं कशाला?

निघण्याआधी चाकांचे नट आवळले, तेही नेहमीप्रमाणे. गाडी माझ्या हातात आली तशी वाटेत चाक निखळेल ही भीतीही आली होती. मी पान्यावर पाय देऊन उभी राहायची आणि अंगाचा सगळा भार टाकायची. दर खेपेला आणखी थोडं. हे खिडकीतून बघायचे आणि मान फिरवायचे. मला वाटायचं, यांना आता कशातच रस उरलेला नाही.

चिल्हार फाट्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, आणि चाक बदलता येतं याचा मला तोराही होता. पण चारपैकी एक नट हलेल तर शपथ! इथल्या खाऱ्या हवेचा गंज, वर माझं आवळणं. पाना घसरून गुडघा फुटला. ऊन चढत होतं, आणि त्यातच हे काच ठोकायला लागले. डाव्या हातातल्या अंगठीने टकटक, टकटक. पाणी दिलं, नको. उशी सरकवली, नको. शेवटी मी खेकसले, "अहो, जरा गप्प बसा ना!"

आठ महिने शब्द न फुटलेल्या माणसाला मी हे म्हणाले. इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. "आई, तुझ्याच दारी येत होते, तेही तुला बघवलं नाही का?" असं मी भर रस्त्यात मोठ्याने बोलले.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. साठीचे गृहस्थ, हात तेलाने काळे. फाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो म्हणाले. चाकापाशी उकिडवे बसून त्यांनी नट चाचपले.

"बाय, हे कोनी आवळलं?"

"मीच."

"एवढं कोन आवळतं? लोखंडाला पन ताण सोसवत नाय."

काचेवर टकटक चालूच होती. त्यांनी मान वळवून पाहिलं. "ते बाबा काय तरी सांगतात."

"त्यांना बोलता येत नाही हो."

"तोंडान नाय, हातान सांगतात." त्यांनी दार उघडलं. "बाबा, काय करू?" एवढं विचारलं आणि थांबले. नुसते थांबले. मी असं कधी थांबले नव्हते.

यांचा डावा हात हळूहळू उठला. मूठ आधी किंचित उजवीकडे फिरली, मग डावीकडे.

"बरोबर! आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा. बाबा मिस्त्री हायत काय?"

"फिटर," मी म्हणाले. हे पाठ सरळ करून बसले.

तीन नट कुरकुरत सुटले. चौथा सुटला नाही. नट ज्या आट्यांच्या दांड्यावर बसतो, तो स्टडच मोडला. शेजारच्या स्टडचेही आटे गेलेले. "माझ्या आवळण्यानंच?" मी विचारलं. ते उठले आणि मोटरसायकलवरून दुकानात जाऊन दोन नवे स्टड घेऊन आले. तोवर मी यांना झाडाखाली बसवलं होतं. दोन्ही खराब स्टड ठोकून मागे पाडले, नवे मागून घातले आणि पुढून नट आवळत ओढून बसवले. प्रत्येक कामानंतर ते यांच्याकडे वळत. "ठीक हाय, मिस्त्री?" हे मान हलवत. कारखान्यात साहेबसुद्धा यांना असं विचारायचे, ते मी विसरूनच गेले होते.

स्टेपनी चढली. शेवटचा नट आवळायला पाना माझ्या हातात आला. आवळला, आणि सवयीने मी पान्यावर पाय ठेवला.

"पु... रे."

मी त्या गृहस्थांकडे पाहिलं. ते झाडाकडे बघत होते.

"पुरे," हे पुन्हा म्हणाले. ओठांच्या कडेने लाळ गळत होती. मी पाय काढला आणि तिथेच मातीत बसून हुंदके देऊन रडले.

त्या गृहस्थांनी दुसरं काही घेतलं नाही, ओटीतला नारळ तेवढा घेतला. "आईचा हाय, नाय म्हनू नये," म्हणाले. ते निघून गेल्यावर मी यांच्याजवळ गेले. "पुढे जायचं की घरी?" असं विचारलं आणि थांबले. उत्तराला बराच वेळ लागला. मग डावा हात पुढच्या रस्त्याकडे गेला.

देवळात मला काही मागताच आलं नाही. नारळाशिवायची ओटी पुढे ठेवली, हात जोडले. आठ महिने ज्यांना वाचवायला धडपडत होते, त्यांनाच मी सगळ्यात जास्त आवळून धरलं होतं. आईने ते एका चाकापाशी सोडवलं, एवढंच मला समजतं. त्याचं कोडं मी उलगडत बसत नाही. घरी आल्यावर यांनी सहा घास खाल्ले. आता गाडी काढायच्या आधी यांची खुर्ची अंगणात आणून ठेवते. मी नट आवळते. "पुरे" म्हणाले की थांबते.