स्नूकर बघायला जाणारी बाई

माझ्याविरुद्ध आलेला अर्ज अर्ध्या पानाचा होता. वहीतून फाडलेला कागद, निळी शाई, खाली सही नाही. ‘आपल्या शाळेच्या बाई कर्जतच्या क्लबात बसतात, तिथे टाळ्या वाजवतात, त्याने मुलांवर वाईट संसकार होतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ संस्कार हा शब्द चुकीचा लिहिला होता. मीच शिकवलेल्यांपैकी कुणीतरी असणार, या विचारानं मला अर्जापेक्षा जास्त वाईट वाटलं.

अर्जातली माहिती मात्र खरी होती. मी क्लबात बसते. टाळ्याही वाजवल्या होत्या.

पळसदरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन शिक्षक, बेचाळीस मुलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सहा वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये शाळेच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर. हे कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे, घरात मी एकटी. दुपारी टीव्हीचे चॅनल बदलता बदलता एका हिरव्या टेबलावर थांबले, ते थांबलेच.

विलायतेत सकाळी सुरू होणारा सामना आपल्याकडं दुपारी अडीचला लागतो. पहिल्या दिवशी मला फक्त शांतता आवडली. तीस वर्षं मी मुलांच्या कलकलाटात काढलीत. इथं हजारभर माणसं एका जागी बसली होती आणि कुणी खोकलंसुद्धा तर पंच त्याच्याकडं बघायचे. मग हळूहळू खेळ कळायला लागला. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. चेंडू भोकात घालायचा, पण पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी थांबला पाहिजे. घालता येत नसेल तर समोरच्याला अडचणीत टाकून आपण बाजूला व्हायचं. आणि त्याची पाळी चालू असेपर्यंत तुम्ही खुर्चीत गप्प बसायचं. तो अर्धा तास खेळला तर अर्धा तास. मी खेळणाऱ्यापेक्षा खुर्चीतल्या माणसाकडंच जास्त बघायचे. काही जण पाणी पीत राहायचे, काही जण नखं बघत बसायचे.

एक दिवस हे कामावरून लवकर आले. म्हणाले, “काय गं, गोट्या बघत बसलीस?”

“तुम्ही क्रिकेट बघता तेव्हा मी ‘फळी बघत बसलात’ म्हणते का?”

त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः करून घेतला.

प्लास्टर निघालं, पण सवय गेली नाही. मग मोबाइल आला. कुठं कुठली स्पर्धा आहे, कोण पहिल्याच फेरीत बाहेर गेला, कोण तीन वर्षांनी परत आला, हे मला आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बदल्यांपेक्षा जास्त माहीत असायचं. शाळेत बोलायला कुणी नव्हतं. सोबतचे गुरुजी म्हणायचे, “मॅडम, तो सट्टेबाजांचा खेळ.” गुरुजींनी एकही सामना बघितलेला नव्हता.

मला जोडीदार मिळाली ती खिचडीच्या खोलीत. शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई वाडीतलीच आहे. मुलं तिला मावशी म्हणतात म्हणून मीही मावशीच म्हणते, वयानं ती माझ्याहून लहान आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते. एका शनिवारी ती भांडी घासत होती आणि मी पायरीवर बसून मोबाइलवर जुना सामना बघत होते. ती हात पुसत मागं येऊन उभी राहिली. दहा मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, ह्यो मारायचा नाय. ह्यो लपवायला बघतोय.”

आणि खरंच, त्या खेळाडूनं पांढरा चेंडू हळूच नेऊन तपकिरीच्या मागं लपवला. मला हे कळायला चार महिने लागले होते. तिला दहा मिनिटं लागली. त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोघी.

तर मग क्लब. कर्जतला बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर एक जिना वर जातो. वर पूल नावाच्या खेळाची दोन टेबलं आणि एक स्नूकरचं. दोन वर्षांपूर्वी खाली बोर्ड लागला, की रविवारी तालुक्याची खुली स्पर्धा, अंतिम सामना दुपारी दोनला. मी तो बोर्ड तीनदा वाचला. खरा सामना मी तोवर एकदाही बघितला नव्हता. सोमवारी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “चला की. रविवारी मला कुठं खिचडी हाय?”

जिना चढून वर गेलो तर सगळे बोलायचे थांबले. क्लबचा मालक पुढं आला. पन्नाशीचा माणूस, नेरळचा, पूर्वी मुंबईच्या एका मोठ्या क्लबात टेबलावर गुण मोजायचं काम केलेला.

“मॅडम, कुणाला शोधताय?”

“कुणालाच नाही. सामना बघायला आलोय.”

“इथं लेडीज येत नाहीत.”

“बंदी आहे का?”

“बंदी नाय, पण येत नाहीत.”

“आता आल्या ना.”

तो आतून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन आला. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. नंतर सगळ्यांनी मला विचारलं, भीती नाही वाटली? वाटली होती. जिना चढताना पदर घट्ट धरून ठेवला होता मी.

अंतिम सामना होता खालापूरचा एक रिक्षावाला आणि पळसदरीच्या धरणाकडं बंगला बांधलेले एक शहरी गृहस्थ यांच्यात. गृहस्थांकडं स्वतःची क्यू, म्हणजे खेळायची काठी, चामडी पेटीतून काढून जोडायची. रिक्षावाल्यानं भिंतीला लावलेल्यांतली एक उचलली. खाकी शर्ट तसाच अंगात होता. पंच म्हणून मालक स्वतः उभा होता.

दोघांनी दोन-दोन फ्रेम, म्हणजे डाव, जिंकल्या. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर फक्त गुलाबी आणि काळा उरला. रिक्षावाला चार गुणांनी पुढं होता आणि पाळी त्याची होती. गुलाबी घातला की सामना त्याचा. तो काळ्यावरून वाकला, नेम धरला, आणि फटका न मारताच सरळ उभा राहिला.

“फाउल,” तो म्हणाला. “बाही लागली काळ्याला.”

मालक म्हणाला, “मला नाय दिसली.”

“मला कळली ना.”

काळ्याला स्पर्श म्हणजे सात गुण समोरच्याला, आणि पाळीही त्याचीच. चार गुणांनी पुढं असलेला माणूस एका वाक्यात तीन गुणांनी मागं गेला. गृहस्थांनी गुलाबी घातला, आणि मग उरलेला काळा घालूनही रिक्षावाल्याला गाठता येणार नव्हतं. सामना संपला.

“अरं येडा हाय का तू?” भिंतीला टेकलेला एक जण ओरडला. दुसरा हसला. रिक्षावाला क्यू जागेवर लावत होता, मान खाली. जिंकलेल्या गृहस्थांनी त्याच्याशी हात मिळवला.

मी उठले आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्यांचा आवाज मला चमत्कारिक वाटला, पण मी थांबले नाही. मावशी उठली, तीही वाजवायला लागली. मग मालकानं वाजवल्या. बाकी कुणी नाही. रिक्षावाल्यानं आमच्याकडं बघितलं आणि मान डोलावून जिना उतरून गेला.

त्या टाळ्यांचा कुणीतरी व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो गावोगावच्या ग्रुपवर फिरला, त्यावर हसून लोळणाऱ्या तोंडांची चित्रं. आणि पुढच्या आठवड्यात तो अर्ज.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शनिवारी अकराला, तिसरीच्या वर्गात. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. अध्यक्ष एका मुलीचे वडील, टेंपो चालवतात. मला मान देणारे.

“बाई, आमचं काय म्हननं नाय ओ,” ते म्हणाले. “पन अर्ज आलाय. जाऊ नका ना तिकडं. लोक बोलतात.”

“रविवारी दुपारी मी कुठं जाते, ते समिती ठरवणार?”

“तसं नाय. पन क्लब म्हनल्यावर...”

“जानेवारीत शाळेच्या मैदानावर चार दिवस क्रिकेटची स्पर्धा झाली,” मी म्हणाले. “शाळा चालू असताना. भोंग्यावर समालोचन, षटकार गेला की डीजे. मी चार दिवस ओरडून पाढे घेतले, पाचव्या दिवशी आवाज गेला. दुपारनंतर मैदानामागं बाटल्या सापडायच्या, त्या मुलांनी उचलल्या. तेव्हा अर्ज आला होता का?”

ती स्पर्धा भरवणारे सदस्य समोरच बसले होते. ते पंख्याकडं बघायला लागले.

“मी ज्याला टाळ्या वाजवल्या, त्यानं कुणी बघितलं नसताना स्वतःची चूक सांगितली. मी वर्गात रोज हेच शिकवते. अर्ज करणाऱ्याला विचारा, त्याला नेमकं काय खटकलं.”

“ते समदं बराबर हाय,” अध्यक्ष म्हणाले. गुरुजी इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ‘शिक्षिकेस योग्य ती समज देण्यात आली.’

“मी समज घेतलेली नाही,” मी म्हणाले. “या वाक्याखाली सही करणार नाही.”

तेवढ्यात दारातून आवाज आला. मावशी हातात खिचडीचा डाव घेऊन उभी होती. “मी बी गेल्ते. टाळ्या मी बी वाजवल्या. माजं बी नाव लिवा.”

अध्यक्ष तिला म्हणाले, “तू गप गं.” तो तिचा चुलतभाऊ लागतो.

“का रं गप?” ती तिथून हलली नाही.

शेवटी मीच वाक्य सांगितलं, गुरुजींनी लिहिलं. ‘अर्जावर चर्चा झाली. शिक्षिका शाळेच्या वेळेबाहेर स्नूकरच्या स्पर्धा पाहतात व यापुढेही पाहणार आहेत.’ मग मी सही केली.

सगळं गोड झालं असं नाही. एका पालकानं मुलगी काढून नेरळच्या इंग्रजी शाळेत घातली. घालणारच होता, पण विचारलं की माझं कारण सांगतो. घरी हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “निदान मला आधी सांगायचं.” आता हे मला स्कूटरवरून क्लबापर्यंत सोडतात आणि खाली हार्डवेअरवाल्याशी गप्पा मारत बसतात. वर अजून आलेले नाहीत. मीही आग्रह करत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला राज्य पातळीवरची स्पर्धा होती, पण गुरुवारी. मी किरकोळ रजेचा अर्ज दिला, मावशीनं तिच्या जावेला त्या दिवशीची खिचडी सांगितली. संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला.

“मॅडम, रजेचं कारण ‘स्नूकर स्पर्धा पाहणे’ असं लिहिलंय तुम्ही.”

“हो. तेच कारण आहे.”

“सगळे ‘घरगुती काम’ लिहितात. तुम्हीपण लिहा ना, मला बरं पडेल.”

“सर, घरात काहीच काम नाही. खोटं कशाला लिहू?”

शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. जा.”

पुण्याच्या त्या हॉलच्या दारात कोट घातलेला एक कार्यकर्ता होता. आम्हा दोघींना बघून तो अदबीनं पुढं आला. “काकू, तुमचा मुलगा खेळतोय का? नाव सांगा, खेळाडूंच्या नातेवाइकांना तिकडं बसवतोय.”

“आमचं कुणी खेळत नाही,” मी म्हणाले. “आम्ही बघायला आलोय.”

“दोघी?”

“दोघी,” मावशी म्हणाली आणि त्याच्या बाजूनं आत गेली. आम्हाला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. सामना साडेतीन तास चालला.