बांगडीतल्या पिना

ओवी अजून वर्षाचीही नाही. तिला सांभाळायला मंदामावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना नाही नाही ते प्रश्न विचारले. आधी कुठे होतात, घरी कोण असतं, मूल रडायचं थांबलंच नाही तर काय करता. पहिल्या दोन्हींना त्यांचं एकेका शब्दात उत्तर, आणि शेवटच्याला नुसतं, "बघू की, ताई."

मग त्या हात धुऊन खिडकीपाशी गेल्या. खूप बायकांच्या असतात तशा त्यांच्याही बांगडीत दोन-चार सेफ्टीपिना अडकवलेल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या, ओवीचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवल्या, मनगटावरून बोट फिरवून पाहिलं आणि मगच तिला उचललं. कुणी सांगितलं नव्हतं.

विश्वास म्हणजे चौकशा करकरून, चार जणांना विचारून मिळणारी गोष्ट, असं मी धरून चालले होते. तो असा फळीवर चकाकत पडलेला सापडेल, असं कुठे वाटलं होतं?

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की मावशी त्या पिना परत बांगडीत अडकवतात. काल त्यांनी पहिली पिन उचलली मात्र, माझ्या कडेवरच्या ओवीनं भोकाड पसरलं. पिना चढल्या की मावशी निघतात, हे तिला आता कळतं.

"अगं, उद्या येते की," मावशी म्हणाल्या.

माझी लेक माझ्याच कडेवर बसून दुसऱ्या कुणासाठी रडत होती, आणि मला अगदी हायसं वाटत होतं.