समासातला विद्वान

ब्रह्मदेशात, आमच्या थाटोन गावच्या बाजारात ऊ फो च्वे यांचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान आहे. दहावीला तीनदा नापास झालेला हा माणूस गावातला सर्वांत मोठा विद्वान कसा काय झाला, हे आम्हा दुसऱ्या खेपेला पास झालेल्यांना कोडंच होतं.

रोज सकाळी समोरच्या चहाच्या दुकानात ते आणि निवृत्त मास्तर, आमच्या भाषेत सया, मो न्युंट एकेक दुधाचा चहा मागवत. मग फुकटच्या कोऱ्या चहाच्या किटल्या रिचवत तीन तास कादंबऱ्यांवर भांडत.

"नायक भित्रा आहे. त्याला त्यागी म्हणणं ही लेखकाची लबाडी," ऊ फो च्वे म्हणायचे.

"अगदी माझ्या मनातलं बोललास!" म्हणत सया हट्टानं उलटी बाजू घ्यायचे.

मनातलं असणारच. आमच्याकडे भाड्याच्या पुस्तकात समासात पेन्सिलीनं शेरे मारायची रीत आहे. आधीच्यानं लेखकाला शिवी दिली की पुढचा आधीच्याला देतो. सया मात्र लाल पेन्सिल वापरत आणि शेवटी कादंबरीला दहापैकी गुण देत. पुस्तक परत आलं की ऊ फो च्वे तेवढी लाल अक्षरं वाचत. एकदा हे पाहिलं आणि मला कोडं उलगडलं. दहावीला मीही गाइडं अशीच वाचली होती.

यंदा सयांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. लाल पेन्सिल थांबली. ऊ फो च्वे बाकीच्यांच्या शेऱ्यांकडे वळले.

"ही नायिका मेली रडूबाई! दोन थोबाडीत ठेवून द्यायला हव्यात."

"हे तुझं मत?"

"ठाम!"

मत कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं होतं. त्याच्याखाली तिनं कुणाच्या तरी बाहीचं मापही लिहिलं होतं. ते तेवढं त्यांनी गाळलं.

सयांनी कप खाली ठेवला. "च्वे, मुलगी यांगूनला बोलावतेय. कायमची. वाचणं संपलं. बोलायला तू होतास, तर तूही असा बरळायला लागलास. पौर्णिमा झाली की निघतो."

ऊ फो च्वे यांच्या चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी कोरी कादंबरी काढली. समास पांढरेशुभ्र. दुकानाची एक फळी लावून ते आत बसले. फटीतून दिसायचं, ओळीवर बोट आणि ओठ हलताहेत. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी चहाला आले, तर डोळे लाल.

"सया, वाचलं."

"कुठवर?"

"सगळं. नायक मित्राला सोडून निघून जातो ना, तिथं मी पुस्तक भिरकावलं. मग उचलून आणलं. का गेला, ते अजून कळलं नाही मला."

"गुण?"

"तीन."

"नापास? तू करतोस नापास?"

"तीनदा झालोय. मला नाही कळणार तर कुणाला?"

सया ठसका लागेपर्यंत हसले. "गाढवा, वीस वर्षं मी माझ्याच शेऱ्यांबरोबर चहा पीत होतो. आज पहिल्यांदा तू आलास."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मास्तर होतो मी. कॉपी ओळखता येते. माझ्या चुकासुद्धा तू जशाच्या तशा म्हणायचास."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी मतं इतक्या जोरात मांडणारा दुसरा कोण होता गावात?" सयांनी किटली पुढं ओढली. "मुलीला कळवतो, येत नाही म्हणून. उद्यापासून पुढचं पुस्तक घे. आणि समासात काही लिहू नकोस. लोक वाचतात."