नानाचा पहिला नंबर

मनीषाचा फोन आला तेव्हा मी जळगावहून धुळ्याला, तिच्या वडिलांनाच भेटायला निघत होतो. "काका, नाना सकाळी गेले..." एवढंच ती बोलली. मी पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. निघायचं तर होतंच, पण आता कशासाठी, हे डोक्यात शिरेना.

नोकरीच्या सुरुवातीला नाना आणि मी धुळ्यात एका खोलीत राहायचो. तो पिंपळनेरचा, शेतकऱ्याघरचा, अहिराणीतच बोलणारा. नवी कॅसेट आणली की ती एका बैठकीत पूर्ण ऐकायची. मधलं गाणं गाळलेलं त्याला खपत नसे. निवृत्तीनंतर मनीषाने त्याला जगातल्या शंभर सर्वश्रेष्ठ अल्बमची कुठलीशी क्रमवारी मोबाइलवर पाठवली. नाना भडकला. "हाई यादी कोनी करी? आपला एक बी नई यामा!" मला वाटलं, विषय संपला. पण गडी शंभराव्यापासून एकेक ऐकत वर चढू लागला. इंग्रजी त्याला फारसं कळत नव्हतं. कधी मला फोन करून म्हणायचा, निव्वळ गोंगाट शे. कधी एखादी चाल फोनवर गुणगुणून दाखवायचा... शिव्या घालत तो इतक्या मनापासून का ऐकतोय, हे मला तेव्हाही उमगलं नाही. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "बठ्ठा शंभर ऐकी लिधात. पयला नंबर चुकेल शे. खरा पयला कोनता ते माले माहीत शे."

"कोणता?"

"तू ये, मंग सांगसू."

काही आठवड्यांनी पुन्हा नानाच्या घरी गेलो, तेव्हा न राहवून वहिनींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "आपल्या अहिराणी लग्नगीतांचा. मला स्वतः सांगितलं त्यांनी." मनीषा चमकली. "नाही गं आई! यादीतलाच, एका परदेशी बाईचा. मला शपथेवर सांगितलं."  मला तो तिसराच सांगणार होता का? की ज्याला त्याला आवडेल ते सांगत होता? का त्याचंच ठरत नव्हतं?

मनीषाने तो अल्बम लावला. निम्म्यावर एक गाणं संपलं आणि वहिनी हळूच म्हणाल्या, "इथे ते उठायचे. कॅसेटची बाजू बदलायला. मोबाइलला कुठली आली दुसरी बाजू? तरी उठायचे, खिडकीपर्यंत जाऊन परत यायचे."

आम्ही तिघंही नानाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. कुणी उठलं नाही. पुढचं गाणं आपोआप सुरू झालं...