भुजलीचा पासवर्ड

ती तक्रार आजही आठवली की मन खट्टू होतं. आमच्या पोलीस ठाण्यात मारामाऱ्या, सागवानाची चोरी, दारू हे नेहमीचंच. पण त्या मुलीचं नेमकं काय चोरीला गेलंय, हेच ठाणे अंमलदाराला कळेना. शेवटी त्याने तिला माझ्यासमोर आणून बसवलं.

तेव्हा गडचिरोलीत इंटरनेट कॅफे नुकते कुठे सुरू झाले होते. मुलगी कोरचीकडच्या एका जंगलातल्या गावची, नर्सिंगचा कोर्स केलेली. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात तिची निवड झाली होती. पेटी घेऊन एसटीने ती तिथे पोचली, तर तिला सांगण्यात आलं, ‘तूच ईमेलने नकार कळवलास, जागा भरली.’ नकार खरंच तिच्याच ईमेलवरून गेला होता.

"बाप म्हनते, नोकरी नाई तर लगन करून टाकू," ती म्हणाली. "मले नाई करायचं साहेब."

"पासवर्ड कोणाला सांगितला होतास?"

"कोनालेच नाई."

"पासवर्ड काय होता?"

"भुजली."

त्या भागात राखीच्या दुसऱ्या दिवशी मुली टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब एकमेकींच्या कानात खोचतात आणि जन्माची मैत्रीण जोडतात. ती मैत्रीण म्हणजे भुजली. हिची भुजली हिच्याच गावची, कोर्सला सोबत, भाड्याच्या खोलीतही सोबत. सकाळी नळावर, संध्याकाळी चुलीपाशी हिच्या तोंडी हाच शब्द, आणि पासवर्डही तोच. कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची, असला प्रकार.

"ती कुठे आहे आता?"

"मामाकडे गेली."

ठाण्यातल्या काहींचं म्हणणं, ती जिथे मेल बघायची त्या कॅफेवाल्याला आधी आत घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही सवय मला कधीच आवडली नाही. मी साध्या कपड्यांत त्याच्या दुकानात गेलो. पूर्वी टायपिंग शिकवणारा तो वयस्क मुसलमान गृहस्थ होता.

"साहेब, ही पोरगी एकेक अक्षर तोंडानं बोलत टाइप करते," तो म्हणाला. "पुरी दुकान ऐकते. मी कितीदा सांगितलं, बेटा, मनात बोल. ऐकतच नाई. आन् उठताना नुसता पडदा बंद करते. मेल तसाच उघडा. मीच बंद करतो मंग."

"सोबत कोण असायचं?"

"दोघी एकाच खुर्चीवर बसत. एकदाच ती दुसरी एकटी आली. मी म्हटलं, तुझी भुजली काऊन नाई आली? तर बोललीच नाई."

तो दिवस नकाराचा ईमेल गेला तोच निघाला. मी नागपूरला फोन लावला. त्या जागेवर कोण रुजू झालं, ते ऐकल्यावर रिसीव्हर ठेवायचंही मला सुचलं नाही.

महिला शिपाई नागपूरला पाठवून त्या भुजलीला बोलावून घेतलं. माझा अनुभव असा, की सराईत माणूस आधी रडतो आणि मग नाकारतो, तर नवखा आधी नाकारतो आणि मग रडतो. या मुलीने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"जागा एकच होती, साहेब. तिच्यामागं माझा नंबर. ती हुशार हाये, तिले कुठीबी भेटन. मले कोन देनार होतं?"

"तिला तोंडावर सांगायचं होतंस."

"तिनं देऊन टाकली असती," ती म्हणाली. "मंग जनमभर तिच्या उपकारात राहावं लागलं असतं."

मी फिर्यादीला आत बोलावलं. सगळं सांगितलं. ती भिंतीकडे बघत ऐकत राहिली. लेखनिकाने पेन उघडलं.

"आरोपीचं नाव सांग."

तिने मानेनेच नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं.

"भुजलीचं नाव घेत नाई, साहेब."

रीतच तशी. एकदा भुजली जोडली, की तिचं नाव मरेपर्यंत तोंडात आणायचं नाही. मी समजावलं, की नाव घेतलंस तर गुन्हा दाखल होईल, दवाखान्याला कळवता येईल, जागा परत मिळू शकेल. नाही घेतलंस, तर बापाच्या मनासारखं होईल.

"तिनं तोडलं असन," ती म्हणाली. "मी काऊन तोडू?"

फिर्याद झालीच नाही. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. दुसरी नागपुरात नोकरी करत राहिली.

पुढे कॉलेजांतून भाषणाला बोलावत, तेव्हा मी मुलांना सांगायचो. दिवसभर तोंडात असतो तो शब्द पासवर्ड करू नका. टाइप करताना पुटपुटू नका. पडदा बंद केला म्हणजे मेल बंद होत नाही. आधी त्यातून बाहेर पडा, मग खुर्ची सोडा. मुलं माना डोलवत. आंधळ्याच्या गायी देव राखतो, या भरवशावर राहू नका, असंही बजावायचो. हे सगळं शिकवता येतं. पण जिच्यावर जीव टाकला, तिच्यापासूनही एक शब्द लपवून ठेवा, हे वाक्य आलं की माझा आवाज आपोआप खाली येई. ते खरं आहे, आणि ते सांगावं लागतं, याचं मला आजही वाईट वाटतं.