जावयाच्या फोनातली सासू

बाबा गेल्यावर आईला पुण्याला आणायची मी फार खटपट केली. ती मंगरूळपीर सोडायला तयार होईना. मग मी आणि नवऱ्याने तिचं घरच स्मार्ट करून टाकलं. दिवे, कूलर सगळं आमच्या फोनवरून चालू-बंद होईल असं केलं आणि बैठकीच्या खोलीत, दिवाणासमोर, कॅमेरा लावला. नवरा स्टुलावर चढून स्क्रू पिळत होता तेव्हा आईने विचारलं, "जवाईबापूच्या फोनात बी दिसते का मी?"

"दिसणार ना आई, कुठूनही," तो हौसेने म्हणाला.

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. मी ते पाहिलं आणि नवऱ्याला चहा हवा का ते विचारलं. माझी अक्कल तेवढीच चालली.

पुण्यात मी सगळ्यांना या स्मार्ट घराबद्दल सांगत सुटले. ऊन तापलं की ऑफिसात बसल्या बसल्या आईचा कूलर लावायचे. 'घरात हालचाल आहे' असा निरोप फोनवर आला की हायसं वाटायचं, आणि मग फोन करायचा राहून जायचा. महिन्यातून एखाद्या वेळी कॅमेऱ्याचं चित्र उघडून बघायचे. आई दिवाणाच्या कडेला बसलेली, नीटनेटकी, डोक्यावर पदर. किती छान राहते, असं मी नवऱ्याला कौतुकाने म्हणालेही होते.

यंदा मे महिन्यात न कळवता गेले. एसटीतूनच कूलर लावला, घर गार असू दे म्हणून. पोचले तर बैठकीत कूलर घरघरत होता आणि दिवाण रिकामा होता. आई स्वयंपाकघरात, तापलेल्या टिनाच्या छपराखाली चटई टाकून झोपली होती. पदर बाजूला, पाय ताणलेले, मानेवर लालभडक घामोळं.

"इथं कायले झोपली वं आई?" मी चिडूनच विचारलं.

ती उठून बसली. "तिथं जवाई पाहत असन त? त्याईच्यासमोर पाय पसरून, उघड्या डोक्यानं कशी झोपू?"

"ते कधीच पाहत नाहीत."

"हे मले कसं समजन?"

आमच्याकडे सासू जावयासमोर आडवी होत नाही. आजी होत नव्हती, काकू होत नाहीत. मी याच घरात वाढले, मला हे कुणी सांगायला नको होतं. तिच्या सोयीसाठी म्हणून मी तिचीच बैठक तिच्यापासून काढून घेतली होती, आणि वर कूलर लावून स्वतःची पाठ थोपटत होते. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मी स्टूल आणलं आणि कॅमेऱ्याला हात घातला. आईने स्टूल धरलं.

"राहू दे."

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"तू काढून टाकशीन म्हून." तिने स्टूल धरूनच ठेवलं. "रोज संध्याकाळी बसते न मी तुयासाठी, दिवाणावर. तुले दिसलं पाह्यजे म्हून समोरच बसते. चांगलं लुगडं नेसते. पाहतं न तू रोज?"

ती माझ्याकडे मान वर करून बघत होती.

"हो," मी म्हणाले. "रोज पाहते."

"मंग राहू दे लावलेला," ती म्हणाली. एवढं खोटं बोलल्यावर तो काढायला मला तोंड उरलं नव्हतं.